कुलूप राहू द्या, किल्ली ग्रंथालयात ठेवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ३३ वर्षं काम केलं, त्यातली शेवटची १२ वर्षं ग्रंथपाल म्हणून. निवृत्त होऊनही आता बराच काळ झाला. हे पत्र लिहायला बसले त्याला कारण एक ई-मेल. ज्या ॲपवरून मी गेली पाच-सहा वर्षं मराठी पुस्तकं विकत घेत होते, ते येत्या महिनाअखेरीस बंद होत आहे. 'त्यानंतर आपल्या संग्रहातील पुस्तके उघडता येणार नाहीत,' असं एका ओळीत कळवलं आहे. माझ्या त्या संग्रहात १८६ पुस्तकं आहेत. सगळ्या पावत्या काढून बेरीज केली, ती २७,४३० रुपये झाली. भरपाई म्हणून दुसऱ्या कुठल्याशा ॲपचं ३०० रुपयांचं कूपन पाठवलं आहे. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. उद्या दुसरी कंपनी हेच करील आणि तिलाही कोणी अडवणार नाही. मला लिहायचं आहे ते त्याबद्दल.

आयुष्यभर छापील पुस्तकांत वावरलेली बाई ई-पुस्तकांकडे का वळली, ते आधी सांगते. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. आम्हाला होडीतून बाहेर काढलं. काही दिवसांनी परतलो तेव्हा भिंतीतल्या कपाटांची दारं उघडेनात, कारण आतली पुस्तकं भिजून फुगली होती. ओलं पुस्तक जोर लावून उघडायचं नसतं, ते हलकेच पंख्यासारखं पसरून उभं करायचं असतं. दर वीस-पंचवीस पानांनी कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, वारा द्यायचा, ऊन द्यायचं नाही. हे सगळं मी नोकरीत शिकले होते, पण एकटीने किती करणार? गुळगुळीत कागदाची पुस्तकं वाळता वाळता विटेसारखी घट्ट झाली. नऊशेच्या आसपास पुस्तकं होती, त्यातली तीनशे हाती लागली.

त्या दिवाळीत मुलाने टॅब आणून दिला. म्हणाला, "आई, आता कपाट भरू नकोस. यातली पुस्तकं भिजत नाहीत." त्याचं खरंच होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं तेव्हा औषधं, कागदपत्रं आणि टॅब एका पिशवीत घालून आम्ही बाहेर पडलो आणि सगळी पुस्तकं सुखरूप बरोबर आली. तेव्हा मी मनापासून मुलाचे आभार मानले होते. पुराने माझी सहाशे पुस्तकं नेली, तरी तीनशे ठेवली. हा ई-मेल एकही ठेवणार नाही.

पुस्तकं बहुतेक आमच्या ह्यांच्यासाठी घेतलेली. ह्यांनी ४० वर्षं उद्यमनगरातल्या कारखान्यांत पॅटर्नमेकर म्हणून काम केलं. ओतकामाआधी लाकडाचा साचा करायचा, त्यात सुताएवढा फरक चालत नाही. नजरेवर पोट असलेला हा माणूस. काचबिंदूचं निदान उशिरा झालं आणि तीन वर्षांत नजर जवळजवळ गेली. सीपीआर या सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र झालं, दिव्यांगांचं ओळखपत्र आलं. वाचनाची गोडी ह्यांना निवृत्तीनंतर लागली होती. इतिहास, प्रवासवर्णनं, शास्त्रज्ञांची चरित्रं, काहीही. तेव्हा मी म्हटलं, पुस्तकं मोबाइलवरच आहेत, मोबाइल वाचून दाखवील. आजकालचे फोन मराठी वाचतात. बातम्या वाचतात, संदेश वाचतात, वीजबिलाचा आकडा वाचतात. ह्यांनी ते आठवड्यात शिकून घेतलं.

आमच्या ॲपमधलं पुस्तक उघडलं की मात्र फोन फक्त 'पान, चित्र' एवढंच म्हणतो. पुढचं पान उलटलं की पुन्हा 'पान, चित्र'. ह्यांनी मला विचारलं, "अगं, पुस्तक आपलं, फोन आपला, कान आपले. मग अडतंय कुठं?"

मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की प्रताधिकाराच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, संरक्षणासाठी मजकूर बाहेर काढण्याची, म्हणजे मोठ्याने वाचण्याचीही, सोय बंद ठेवली आहे. थोडा दोष आपल्या मराठी प्रकाशनव्यवहाराचाही आहे, तो मी लपवत नाही. जुन्या फाँटमध्ये जुळवलेली पुस्तकं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला ओळखता येतील अशा अक्षरांत, आणायचे कष्ट न घेता पानांचे नुसते फोटो काढून विकले जातात. अशा पुस्तकाला कुलूप नसलं तरी ते वाचता येणार नाही. पण आमच्या संग्रहातली निम्म्याहून अधिक पुस्तकं नीट टाइप केलेली आहेत. टॅबवर अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात, त्यावरून ते कळतं. म्हणजे मजकूर तिथे आहे. त्याच्यावर कुलूप आहे.

हे कुलूप काय असतं ते मला समजलं तसं सांगते. पुस्तकाची फाइल आपल्या यंत्रात उतरते, पण सांकेतिक रूपात. ती उलगडायची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असते. आपण आपलं खातं उघडलं की ॲप ती किल्ली आणतं, आपल्याला पान दाखवतं, पण किल्ली आपल्या हाती लागू देत नाही. सर्व्हर बंद झाला की फाइल आपल्याकडे असूनही तिचा उपयोग संपतो. 'डिजिटल राइट्स मॅनेजमेंट' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून याला डीआरएम म्हणतात. आपल्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. ते वाचू शकणारी माणसं आता थोडी, पण मोडी शिकायला कोणाची मनाई नाही. मी स्वतः पन्नाशीत मोडी शिकले. या कुलूपबंद पुस्तकाची लिपी मात्र शिकायचीच नाही, असा दंडक आहे.

मोठ्याने वाचण्याची सोय बंद करण्याची ही रीत कुठून आली तेही पाहिलं. २००९ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने अमेरिकेत किंडलचं नवं यंत्र आणलं, ते पुस्तक वाचून दाखवत असे. तिथल्या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली की ध्वनिपुस्तकाचे हक्क वेगळे विकले जातात. कंपनीने माघार घेऊन पुस्तकागणिक तो आवाज बंद करण्याची मुभा प्रकाशकांना दिली. त्याच वर्षी जुलैत त्याच कंपनीने दोन इंग्रजी कादंबऱ्या लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते. पैसे परत केले, पुढे कंपनीने चूकही मान्य केली. पण विकलेलं पुस्तक दुकानदार आपल्या घरातून नेऊ शकतो, हे जगाला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हाही सगळ्यांची पुस्तकं गेली. निदान त्यांनी ग्राहकांना पूर्ण पैसे परत दिले होते. गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीपासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून वायरने यंत्रात घालण्याची सोयही काढून टाकली आहे.

शेजारचा एक मुलगा संगणकाचं शिकतो. ह्यांची तगमग बघून तो म्हणाला, "काकू, दोन तासांचं काम आहे, कुलूप काढून देतो." मी नको म्हटलं. आयुष्यभर फाटकं पान चिकटवताना सुद्धा नियम पाळले, आता म्हातारपणी पोराला गुन्ह्यात का ओढू? पण मन शांत बसेना. आमच्या ग्रंथालयाच्या जुन्या सभासद असलेल्या एका वकीलबाईंना घरी बोलावलं. त्या प्रताधिकार कायद्याचं पुस्तक घेऊनच आल्या आणि आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कलम वाचलं.

मूळ कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन ६५ए हे कलम आलं, २१ जून २०१२ पासून ते लागू आहे. प्रताधिकाराच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक संरक्षण जो कोणी त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तोडील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वकीलबाईंनी 'हेतूने' या शब्दावर बोट ठेवलं. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात तो शब्द असा नाही. तिथे पुस्तकाचं कुलूप उघडणं हेच मुळात बेकायदा, आणि अंध वाचकांना दर तीन वर्षांनी सरकारकडे नव्याने सवलत मागावी लागते. आपल्या संसदेने तसं केलं नाही. याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात लिहिलं आहे की कायद्याने उघडपणे मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडलं तर ते या कलमाच्या आड येणार नाही. आणि ५२ व्या कलमात, २०१२ च्याच दुरुस्तीने, दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात कोणत्याही पुस्तकाची प्रत करून देणं हा प्रताधिकाराचा भंग नव्हे, असं स्पष्ट म्हटलं आहे. प्रत करणारा कोणीही असू शकतो. नफा कमवायचा नाही, एवढी अट.

म्हणजे शेजारच्या मुलाने ह्यांच्यासाठी कुलूप उघडलं असतं तर वकीलबाईंच्या मते तो गुन्हा ठरला नसता. मला हायसं वाटलं आणि तितकाच रागही आला. कायदा २०१२ पासून 'उघडा' म्हणतो आहे आणि आम्ही घाबरून बसलो आहोत. २०१४ मध्ये अंध वाचकांसाठीच्या माराकेश करारावर जगात सर्वात आधी शिक्कामोर्तब करणारा देश आपला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा दिव्यांगांच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. इतकं सगळं असून आमच्या घरातला फोन 'पान, चित्र' म्हणतो.

कुलपाच्या त्या ६५ए कलमाला पुढे एक पुरवणी जोडलेली आहे, ती ऐकल्यावर मी वकीलबाईंना तेवढं वाक्य तीनदा वाचायला लावलं. दुसऱ्याला कुलूप उघडायला जो मदत करील त्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कुलूप कशासाठी उघडलं तो उद्देश, याची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे.

संपादक महोदय, ही आमची देवघेवीची नोंदवही आहे! नाव, पत्ता, सभासद क्रमांक, कोणतं पुस्तक, कधी नेलं, कशासाठी. संदर्भ विभागात तर 'उपयोगाचे कारण' असा रकानाच असे. शेजारच्या कॉलेजच्या पोराने अशी वही ठेवावी ही अपेक्षा फोल आहे, तो ठेवणार नाही आणि ठेवली तरी तिला कोण विचारणार? पण महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची मान्यताप्राप्त ग्रंथालयं गावोगाव आहेत, त्यांची दरवर्षी तपासणी होते, दाखल नोंदवहीतला एकेक क्रमांक पडताळला जातो. कायद्याला जो नोंद ठेवणारा माणूस हवा आहे तो या ग्रंथालयांत बसलेला आहे. त्याच्या हातात किल्ली तेवढी नाही.

माझी मागणी तीच आहे. कुलूप लावायचं असेल तर लावा, पण पुस्तक विक्रीला काढताना त्याची कुलूप नसलेली एक प्रत किंवा किल्ली जिल्ह्यातल्या एका 'अ' वर्ग ग्रंथालयात जमा करायची सक्ती करा. वाचकाने खरेदीची पावती दाखवावी, दिव्यांग असेल तर ओळखपत्र दाखवावं, वहीत सही करावी आणि पानापानावर स्वतःचं नाव उमटवलेली प्रत घेऊन जावं. ती प्रत उद्या बाजारात फिरली तर कोणाची ते लगेच कळेल. दुकान बंद पडलं तरी हाच रस्ता मोकळा राहील. आज कंपन्या किल्ली देत नाहीत, कारण त्यांच्यावर ती देण्याचं बंधनच नाही. कायद्याने वाचकाला उघडायची परवानगी दिली, पण विकणाऱ्याला उघडून देण्याचा आदेश दिला नाही. सगळी अडचण या एका फटीत आहे.

लेखक-प्रकाशकांचं काय, असा प्रश्न येईल आणि तो यायलाच हवा. मराठी पुस्तकाची आवृत्ती किती निघते आणि लेखकाच्या हातात काय पडतं, हे मी तीन दशकं जवळून पाहिलं आहे. व्हॉट्सॲपवर फुकट फिरणाऱ्या पीडीएफचा मला मनस्वी तिटकारा आहे. नात्यातल्या एकाने ह्यांच्यासाठी अशी तीसेक पुस्तकं पाठवली होती, मी ती न उघडता पुसली. पण त्यातच मला दिसलं की आम्ही पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकांपैकी चार त्या ढिगात होती. कोणीतरी छापील पुस्तक स्कॅन करून टाकलेली. म्हणजे कुलपाने चोरी अडली नाही. अडले ते आमचे हे. गाण्यांच्या धंद्याने हा धडा आधीच घेतला. ॲपलने २००९ मध्ये आपल्या दुकानातल्या गाण्यांचं कुलूप काढून टाकलं आणि गाणी विकणं काही थांबलं नाही.

उद्यमनगरात अजून ह्यांचे जुने सोबती आहेत. रविवारी कोणी ना कोणी येतं. मी हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा त्यांच्यातले एक म्हणाले, "वहिनी, आम्ही ऑइल इंजिन विकलं की त्याच्याबरोबर पान्यांची पिशवी द्यायचो. गिऱ्हाइकाने खोललंच पाहिजे, नाहीतर शेतात बंद पडल्यावर करणार काय?" आता प्रिंटरची शाईची डबी सुद्धा चिपवाली. दुसऱ्याची भरली तर यंत्र नाही म्हणतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. चांगलं केलं. पुस्तक पाचवं घ्या, एवढंच मी म्हणेन.

ग्रंथपाल म्हणून मला याहून मोठी धास्ती वाटते ती पुढच्या पिढीची. १९५४ चा एक कायदा आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरावीक ग्रंथालयांना द्यायची. सगळे पाळत नाहीत, पण कायदा आहे. त्यात पुस्तक म्हणजे छापलेलं पुस्तक. प्रताधिकार कायदाही ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देतो, पण त्या ग्रंथालयाकडे छापील प्रत आधी असेल तरच. आता जे पुस्तक कधी छापलंच नाही, फक्त ॲपवर आलं, त्याचं काय? आमच्या १८६ मधली २३ पुस्तकं अशी आहेत. त्यात कोकणातल्या माशांवरचं एक आहे, गुऱ्हाळघरांच्या जुन्या शब्दांचं एक आहे. 'आदण', 'काहील', 'चुलवाण', 'गुळव्या' हे शब्द आपल्याकडे अजून ऐकू येतात, पण त्यांच्या शेजारचे शे-दीडशे शब्द मी त्या पुस्तकातच पहिल्यांदा पाहिले. महिनाअखेरीस ते पुस्तक कुठेच असणार नाही.

हे शहर असं नुकसान ओळखतं. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथे उभारली, १९२९ मध्ये प्रभातची सुरुवात इथेच झाली. त्या मूकपटांच्या काळातल्या बहुतेक चित्रपटांची आज फूटभर फीतही मिळत नाही. थोडंफार उरलं ते कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी पेटीत एखादी प्रत पडून राहिली म्हणून. माळ्यावर पडून राहायची मुभा या नव्या पुस्तकांना नाही.

आता ग्राहक म्हणून. ॲपवर बटण होतं 'विकत घ्या'. पावतीवर लिहिलं होतं 'खरेदी'. खाली कुठेतरी बारीक अक्षरांत, इंग्रजीत, बारा पानी अटींमध्ये हा फक्त परवाना असून तो कधीही रद्द होऊ शकतो, असं होतं. करखातं मात्र हे आधीपासून ओळखून आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर २०१८ पासून ५ टक्के, आणि त्याची छापील आवृत्ती नसेल तर १८ टक्के, कारण कराच्या दृष्टीने ती वस्तू नसून सेवा आहे. माझ्या त्या २३ पुस्तकांवर मी १८ टक्के भरले आहेत. सरकार कर घेताना सेवा म्हणतं, दुकानदार पैसे घेताना विक्री म्हणतो आणि पुस्तक काढून घेताना परवाना म्हणतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू आहे की हा परवाना आहे असं ठळकपणे सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूच्या बटणावर 'विकत घ्या' लिहायचं नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आणि दिशाभूल करणारी जाहिरात यांच्या व्याख्या आहेत, २०२३ च्या नोव्हेंबरात फसव्या बटणांविरुद्ध मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. या शब्दासाठी नवा कायदा कशाला हवा? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एक आदेश काढला तरी पुरे.

वकीलबाईंनी एक अडचण दाखवली, ती वाचकांना माहीत असावी. कारण न देता एकतर्फी करार संपवण्याची अट ही २०१९ च्या कायद्याप्रमाणे अन्याय्य कराराच्या व्याख्येत बसू शकते. पण अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, रक्कम कितीही लहान असली तरी राज्य आयोगाकडे जावं लागतं. २७ हजारांसाठी सत्तरीच्या बाईने राज्य आयोग गाठायचा? ही तरतूद बदलायला हवी. म्हणून मी जिल्हा आयोगात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्याच मुद्द्यांवर तक्रार करणार आहे. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. शिवाय अनेक ग्राहकांना लागू पडणारी बाब असेल तर थेट जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते, असं याच कायद्याचं १७ वं कलम सांगतं. तोही अर्ज मी लिहून ठेवला आहे. १९१५ या हेल्पलाइनवर नोंद झाली आहे.

शेजारच्या त्या मुलाला मी मध्यंतरी पुन्हा बोलावलं आणि वही उघडून ठेवली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर रकाने आखले: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, पावती क्रमांक, ज्यांच्यासाठी उघडलं त्यांचं नाव व पत्ता, ओळखपत्र क्रमांक, उद्देश, तारीख, सही. वकीलबाईंनी ती पाहून मान डोलावली. उद्देशाच्या रकान्यात तो मुलगा 'अंध वाचकाला ऐकण्यासाठी' असं लिहितो. आतापर्यंत ४१ पुस्तकं झाली. एका संध्याकाळी पाच-सहा होतात, त्या पोराची परीक्षाही आहे, त्यामुळे सगळी पुरी होणार नाहीत. कोणती आधी घ्यायची ते आमचे हे सांगतात. गुऱ्हाळाचं पुस्तक त्यांनी पहिलं घ्यायला लावलं. ते आता फोन वाचतो. 'चुलवाण' नीट म्हणतो, 'गुळव्या' म्हणताना अडखळतो.

जी पानं नुसते फोटो आहेत ती मी रोज रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखवते.

एक विनंती. याच ॲपवरून पुस्तकं घेतलेले आणखी कोणी कोल्हापुरात असतील तर त्यांनी पावत्या आणि तो ई-मेल छापून ठेवावा. शेवटच्या दिवशी खातंच उघडलं नाही तर पुरावाही जाईल. आयोगाच्या परवानगीने अनेकांना मिळून एकच तक्रार देता येते. आपली हरकत नसेल तर त्यांनी नाव, पत्ता आणि पावत्यांच्या प्रती आपल्या कार्यालयात ठेवाव्यात. मी दर शनिवारी सकाळी येऊन घेऊन जाईन आणि पोच म्हणून वहीत सही करीन.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
शाहूपुरी, कोल्हापूर